वंशावळीच्या शोधाला निघताय? बुद्रुक की खुर्द, ते आधी सांगा

आधार कार्ड, पाण्याची बाटली, पॉवर बँक, वाचायचा चष्मा हे सगळे घेतातच, त्यावर बोलत नाही. राहून जाते ती एकच गोष्ट, आणि मागच्या खेपेला माझ्याकडूनही तीच राहिली: गावाचं पूर्ण नाव. नुसतं नाव नव्हे, पूर्ण नाव. बुद्रुक की खुर्द, तर्फ कोणती, आणि ज्या काळातली नोंद हवी आहे त्या काळी गाव कोणत्या तालुक्यात आणि कोणाच्या राज्यात होतं. दोन दिवस खुर्दचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, चाळले, माणसं निघाली बुद्रुकची. आडनावं दोन्हीकडे तीच, म्हणून संशयही आला नाही. एवढं पुरे. आता यादी.

पुणे जिल्ह्यातलंच बघा. वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव निंबाळकर, वडगाव रासाई, वडगाव काशिंबेग, वडगाव आनंद. एका जिल्ह्यात एवढी, आणि घरातली म्हातारी माणसं म्हणणार फक्त "आपलं वडगाव". बुद्रुक म्हणजे फारसी बुजुर्ग, थोरलं; खुर्द म्हणजे धाकटं. पण हे थोरलं-धाकटंपण नाव पडलं तेव्हाचं. आज खुर्दची वस्ती दुप्पट असू शकते, तेव्हा "मोठं ते बुद्रुकच असणार" असा अंदाज बांधू नका. घरी विचारताना गावाच्या नावावर थांबू नका. आठवड्याचा बाजार कुठे करायचे, शिवेला कोणती गावं लागतात, जवळून ओढा जातो की नदी, जत्रा कोणत्या देवाची आणि कोणत्या महिन्यात, हे विचारून लिहून घ्या. शिवेवरची तीन गावं कळली की नकाशावर तुमचं गाव एकटं उरतं. जुन्या कागदात तेच "मौजे अमुक, तर्फ तमुक" असं येतं. तर्फ म्हणजे तेव्हाच्या कारभारातला काही गावांचा गट, आणि एकाच नावाची दोन गावं वेगळी करायला तीच कामी येते. गाव कोयना, उजनी किंवा जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं असेल, तर पुनर्वसित गावाच्या दप्तरात आजोबा सापडणार नाहीत. जुनं गावठाण आणि जुना तालुका आधी शोधा.

गाव पक्कं झालं की तालुका आणि जिल्हा. आजच्या जिल्ह्यावर विसंबलात तर भलत्याच दारात उभे राहाल. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, गडचिरोली त्याच वर्षापर्यंत चंद्रपुरात, नंदुरबार १९९८ पर्यंत धुळ्यात, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे, पण १९४८ पर्यंत ते औंध संस्थानाचं. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे, म्हणजे बरेचसे महसुली कागद उर्दूत. तिथे मोडी वाचणारा एकटा पुरत नाही, उर्दू वाचणाराही गाठावा लागतो. जिल्हा फुटला तेव्हा जुनी दप्तरं काही ठिकाणी नव्या कचेरीत आली, काही ठिकाणी जुन्याच कचेरीत राहिली. म्हणून दोन्हीकडे फोन करा, आणि फोनवर पहिलं वाक्य गावाच्या पूर्ण नावाचंच असू द्या.

आता आडनाव. "कर" लावणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. वडगावात कोणी वडगावकर नसतो. ते नाव गाव सोडल्यावर बाहेरच्यांनी दिलेलं. गावातल्या दप्तरात तुमची माणसं आधीच्या आडनावाने, नाहीतर नुसत्या बापाच्या नावाने बसलेली असतात. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही वतनं, त्यांच्यामागे बहुधा वेगळं उपनाव असतं. मूळ उपनाव, देवक, गोत्र, कुलदैवत हे सगळं टिपून ठेवा, पण पुरावा म्हणून नव्हे. एकच कुलदैवत शंभर घराण्यांचं असतं.

घरातली तयारी निघण्याआधी पंधरा दिवस सुरू करा, आदल्या रात्री नव्हे. ट्रंकेतली खरेदीखतं, वाटपपत्रं, जुन्या लग्नपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, फोटोंच्या मागचा मजकूर. घरात श्राद्धपक्ष होत असतील तर नावांची चिठ्ठी शोधा. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा या तीन पिढ्या नावाने घेतात. आई, आजी, पणजी आणि आईच्या माहेरचे पुरुषही येतात. ही चिठ्ठी बऱ्याचदा पंचांगात किंवा देवघरातल्या पोथीत खोचलेली असते. बायकांची दोन्ही नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं, आणि माहेरचं गाव. तेही पूर्ण नावानिशी, हो. दत्तक कोणी गेलं किंवा आलं का, हे सरळ विचारा, कारण दत्तकाची फांदी कागदावर अचानक दुसऱ्याच बापाच्या नावाखाली दिसते आणि मग सगळी गणितं चुकतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे एका घरात एकाच काळी तीन गणपत असू शकतात. प्रत्येक नावापुढे बापाचं नाव आणि अंदाजे जन्मवर्ष हवंच. बाप-लेकात पंधरा किंवा साठ वर्षांचं अंतर पडत असेल तर बहुधा मधली एक पिढी गळली आहे, नाहीतर दोन माणसं एक झाली आहेत.

मग स्थानिक अभ्यासक. त्या भागात मोडी वाचणारे, कुलवृत्तान्ताचं, म्हणजे घराण्यांच्या वंशावळींच्या पुस्तकांचं, काम करणारे, निवृत्त गुरुजी, एखादे माजी तलाठी, इतिहास संशोधन मंडळात रोज बसणारे, अशी चार-दोन माणसं सापडतातच. त्यांची मदत मिळते, पण तयारीने गेलात तरच. "आमची वंशावळ काढून द्या" असा निरोप पाठवलात तर उत्तर येणार नाही, आणि न येणंच बरोबर. एक पान तयार करा. सगळ्यात वर गाव: बुद्रुक की खुर्द, तर्फ, तेव्हाचा तालुका, आजचा तालुका. खाली जात आणि मूळ उपनाव. हे विचारायला अवघड वाटलं तरी जुन्या नोंदी जातवार आणि वतनवार असतात, त्यामुळे ते सांगावंच लागतं. मग माहीत असलेला सर्वांत जुना पुरुष, त्याचा अंदाजे काळ, आणि हे कशावरून माहीत: ऐकीव की कागद. शेवटी प्रश्न, आणि प्रश्न एकच. "१९२० च्या आसपास वारलेल्या सखारामाच्या बापाचं नाव काय" हा प्रश्न झाला. "आमचं घराणं साताऱ्याहून आलं का" हा प्रश्न नव्हे. हयात माणसांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, जमिनीचे वाद या पानावर नकोत.

मोडी कागद वाचायला देताना फक्त आपल्याला हवी ती ओळ कापून पाठवायची खोड फार लोकांना आहे. मोडीत आधी शिरोरेघ आखून घेतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. नाव कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं, हे ठरवायला वाचणाऱ्याला त्याच हाताची आणखी दहा ओळींची सोबत लागते. म्हणून पूर्ण पान, चारही कडा दिसतील असं, उजेडात, फ्लॅश न मारता. त्याआधी वहीच्या पुठ्ठ्याचा एक फोटो, म्हणजे पान कोणत्या गावच्या वहीतलं ते कळेल. पुठ्ठ्यावर गावाचं नाव वाचून पाहा. अर्धवट "वडगा" एवढंच दिसत असेल तर बुद्रुक आहे की खुर्द, हे कारकुनाला तिथल्या तिथे विचारा. पानामागे किती घेणार, हेही आधीच विचारून ठेवा. संकोच नंतर महाग पडतो.

कचेरीत काय मागायचं? सुरुवात सातबारापासून. नावाशेजारी वर्तुळात किंवा कंसात जो आकडा असतो तो फेरफार क्रमांक. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, काढा. वारसाचा असेल तर त्यात मयताचं नाव, कधी वारला, मागे कोण कोण, हे सगळं एका जागी मिळतं. १९५६ च्या वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत मुलीही सासरच्या नावाने येतात. त्याआधीच्या नोंदींत बहुधा फक्त मुलगे, नाहीतर विधवा. नोंद वाचून झाली की शेवटचा रकाना बघा. "रद्द" असा शेरा असेल तर ती नोंद टिकलेली नाही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे त्याआधी फेरफाराची वाट संपते. मग भूमी अभिलेखमधली जुनी पत्रकं आणि पुण्याचं पेशवे दफ्तर. जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं असेल तर जुना सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला असणार. दोन्ही नंबर न नेता गेलात तर अभिलेख कक्षातून रिकाम्या हाती परत.

"बिन" म्हणजे मुलगा, "कोम" आणि "भ्रतार" दिसलं की नवरा-बायकोचं नातं, "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे बहुतेक थोरला भाऊ. त्याच्या एकट्याच्या नावावर जमीन दिसली म्हणून बाकीचे भाऊ नव्हतेच, असं समजू नका. "अ.पा.क.", म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असेल तर वारस तेव्हा अज्ञान, म्हणजे वयाने लहान, होता, त्यावरून त्याचं वय काढता येतं.

गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्म-मृत्यू. शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही. तिथली १ जून ही जन्मतारीख म्हणजे गुरुजींनी सोयीने घातलेली, तिच्यावर काही उभं करू नका. "आपले अभिलेख" हे सरकारी संकेतस्थळ आधी बघून घ्या. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात बऱ्याच जिल्ह्यांनी जुनी पानं स्कॅन करून संकेतस्थळावर टाकली आहेत, गाववार. गाववार! म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, आणि यादीत बुद्रुक आणि खुर्द एकाखाली एक असतात, बोट चुकायला वेळ लागत नाही.

सन-संवत. इसवी सन काढायला, शके दिसला तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९. फसली, म्हणजे महसुली सनात, ५९० किंवा ५९१. सुहूर सन आकड्यांत नसून अरबी शब्दांत असतो: "सबैन मया व अलफ" म्हणजे सत्तर, शंभर आणि हजार, ११७०, त्यात ५९९ मिळवले की १७६९. हे वर्ष मृगात बदलतं, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांना ६००. छापील कोष्टक खिशात ठेवा. भुकेल्या पोटी बेरजा चुकतात.

नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जायचं असेल तर ते पहिल्यांदा गाव विचारतात, मग जात, मग आडनाव, आणि त्यावरून तुमची नामावळ, म्हणजे तीर्थाला आलेल्यांच्या नावांची वही, कोणत्या गुरुजींकडे ते ठरतं. गाव चुकलं की भलत्याच घरी पाठवणी होते आणि तिथे अर्थातच "तुमचं कोणी आलेलं नाही" असं उत्तर मिळतं. नाही म्हटलं म्हणून परत फिरू नका. जवळचं मोठं गाव, जुना तालुका, आजोळचं आडनाव सांगून पाहा. घरातलं शेवटचं कोण आणि साधारण कधी तीर्थाला गेलं होतं, ते सांगितलंत तर पानं उलटायचं काम निम्मं होतं. दक्षिणा आधी ठरवा. निघताना आपल्या पिढीची नावं वहीत लिहून द्या, सुवाच्य, मुलींसकट, गावाच्या पूर्ण नावासकट.

छापील कुलवृत्तान्त मिळाला तर घ्या, पण पत्राने मागवलेल्या माहितीवर तो बेतलेला असतो. ज्या घराने उत्तर दिलं नाही ती फांदी तिथेच तुटलेली दिसते.

नकलेचा अर्ज दोन प्रतींत, पोच घ्या, सुट्टे पैसे, कचेरीची सुट्टी कॅलेंडरात बघून जा, सोमवार टाळा. फोटोंना त्याच रात्री नावं द्या: गाव, वही, पान. ज्यांनी मदत केली त्यांना तयार झालेली वंशावळ पाठवा, चुका ते सांगतील. जातीच्या दाखल्यासाठी हवी असेल तर ते वेगळं काम, तिथे प्रतिज्ञापत्र आणि ठरावीक तारखेआधीचे पुरावे लागतात. या यादीने भागणार नाही.

एसटीत तिकीट काढतानाही कंडक्टरला बुद्रुक की खुर्द ते सांगा. फाटे वेगळे असतात.