मुंबईत एका रात्रीचा मुक्काम: हॉटेलचं फुकट सदस्यत्व कामी कसं आणावं

अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत, पहाटेचं विमान, टाटा रुग्णालयातली तपासणी, लेकीची प्रवेश परीक्षा. कोल्हापूर, नाशिक, लातूर, रत्नागिरीहून एका रात्रीपुरतं मुंबईला यायचं म्हटलं की कारणं साधारण अशीच असतात. हॉटेल घ्यावं लागतं, पण हॉटेलच्या साखळीचं, म्हणजे एकाच नावाखाली गावोगावी हॉटेलं चालवणाऱ्या कंपनीचं, सदस्य व्हावं असं फार थोड्यांच्या मनात येतं. "ते सतत फिरणाऱ्या साहेबलोकांसाठी, आपण वर्षातून एकदा जाणार," असं म्हणून विषय संपतो.

मला हे पटत नाही. वर्षातून एकदाच जाणाऱ्यालाही सदस्यत्वाचा उपयोग होतो, फक्त तो मुक्कामामागे खात्यात जमा होणाऱ्या पॉइंटमध्ये शोधू नये. एका रात्रीच्या मुक्कामात खरी किंमत असते तासांची: खोली दुपारी बाराला मिळाली की तीनला, दुसऱ्या दिवशी अकराला बाहेर पडावं लागलं की दोनला. शिवाय बिलावर हजार-दीड हजार वाचू शकतात, ते कसे हेही पुढे सांगतो. सदस्य व्हायला पैसे पडत नाहीत आणि दहा मिनिटं पुरतात.

१. आधी जागा ठरवा, मग साखळी

बरेच जण उलट करतात. नाव ओळखीचं म्हणून हॉटेल घेतात आणि सकाळी पश्चिम द्रुतगती महामार्गावर अडकतात. आपलं काम कुठे आहे ते नकाशावर पक्कं करा आणि तिथून हॉटेल शोधत बाहेर या.

"विमानतळाजवळ" या शब्दावर तर अजिबात विसंबू नका. मुंबई विमानतळाचं टी-१ (पहिलं टर्मिनल) सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला आहे, टी-२ सहारला. धावपट्ट्या त्याच असल्या तरी रस्त्याने एकीकडून दुसरीकडे जायला मोठा वळसा पडतो. महामार्गालगतचं जिंजर हॉटेल टी-१ ला सोयीचं. सहार आणि मरोळच्या बाजूची हॉटेलं टी-२ ला. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचंही उद्घाटन झालं आहे, म्हणून तिकिटावर नेमका कोणता विमानतळ लिहिलाय ते आधी वाचा.

वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) काम असेल, आणि अमेरिकी वकिलात तिथेच आहे, तर संकुलातलंच महागडं हॉटेल घ्यायची गरज आता उरलेली नाही. मेट्रो ३ वर मरोळ नाका, टी-२, सहार रोड, टी-१, सांताक्रूझ आणि बीकेसी ही स्थानकं एकाच मार्गावर आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून ही मार्गिका आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते. मरोळ नाक्याला घाटकोपर-वर्सोवा मेट्रोही मिळते. अंधेरी पूर्वेला स्थानकापासून चालत जाता येईल असं हॉटेल घेतलं, तर टॅक्सीवर अवलंबून राहावं लागत नाही. मुलाखतीच्या सकाळी त्याने जीव किती शांत राहतो, ते जाऊन आलेल्यांना विचारा.

२. सदस्य व्हा, आणि नाव जपून लिहा

त्या परिसरात ज्या साखळीची हॉटेलं आपल्या बजेटात बसतात, तिचं सदस्यत्व घ्या. मॅरियट, कोर्टयार्ड, फेअरफिल्ड यांच्यासाठी मॅरियट बॉनव्हॉय. आयबिस, नोव्होटेलसाठी अकॉरचं ऑल. हॉलिडे इनसाठी आयएचजी वन रिवॉर्ड्स. जिंजरपासून ताजपर्यंत टाटांचा न्यूपास. एकापेक्षा जास्त घेतली तरी हरकत नाही. सदस्यत्वासाठी कुणी पैसे मागितले तर ती ही योजना नव्हे. जेवणाच्या सवलतीची पुस्तिका किंवा दुसरं काहीतरी विकलं जातंय असं समजा.

आपल्याकडे हमखास अडतं ते नावाशी. आधारवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. बँकेत आडनाव आधी. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईची तर दोन कागदांवर दोन नावं असतात. काउंटरवर जे ओळखपत्र दाखवणार त्यावरचंच नाव आणि आडनाव खात्यात लिहा, आणि बुकिंग करतानाही अक्षरन् अक्षर तेच ठेवा. खात्यातलं नाव आणि बुकिंगवरचं नाव जुळलं नाही, तर मुक्काम खात्यात जमा होत नाही. मोबाइल नंबरही असा द्या जो पुढची काही वर्षं बदलणार नाही, कारण ओटीपी त्यावरच येतो.

पासवर्ड मात्र इथे वेगळा ठेवा. नोव्हेंबर २०१८ मध्ये मॅरियटने जाहीर केलं होतं की त्यांच्याच स्टारवुड हॉटेलांच्या बुकिंगची माहिती चोरीला गेली, आणि त्यात लाखो पासपोर्ट क्रमांक होते. बँकेचा पासवर्ड हॉटेलच्या खात्याला लावू नये.

३. बुकिंग थेट हॉटेलकडे करा

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात किंवा जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रवासाच्या बुकिंग ॲपवरून खोली घेतली, तर मोठ्या साखळ्यांमध्ये बहुधा पॉइंटही मिळत नाहीत आणि सदस्याचा दर्जा वाढण्यासाठी त्या रात्रीची मोजणीही होत नाही. शिवाय काही बदल करायचा झाला की हॉटेल म्हणतं ॲपला विचारा, ॲप म्हणतं हॉटेलला विचारा. साखळीच्या स्वतःच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर खात्यात लॉगिन करून पाहिलंत तर "सदस्य दर" वेगळा दिसतो. तो थोडाच कमी असतो. पण आपल्याकडच्या करामुळे त्या थोड्याशा फरकाला एकदम वजन येतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आहे, आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के. कर लागतो तो प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर. आता समजा खोलीचा नेहमीचा दर ७,८०० आहे आणि सदस्य दर ७,४००. वरवर फरक ४०० रुपयांचा. पण ७,८०० वर १८ टक्के कर धरून बिल होतं ९,२०४ रुपये, आणि ७,४०० वर ५ टक्के धरून ७,७७०. म्हणजे खिशातून १,४३४ रुपये कमी गेले. मुंबईतल्या मधल्या दर्जाच्या हॉटेलांचे दर नेमके या रेषेच्या आसपास वर-खाली होत असतात, त्यामुळे हे गणित प्रत्येक वेळी करून बघाच. यादीत दिसणारे दर बरेचदा कर सोडून असतात. शेवटच्या पानावरचा एकूण आकडा बघून मगच तुलना करा.

नाश्त्यालाही हेच लागू. खोली ७,२०० ला आणि दोघांच्या नाश्त्यासह ८,२०० ला असेल, तर हजार रुपयांत दोन नाश्ते स्वस्त वाटतात. करासह पहिला आकडा ७,५६० होतो आणि दुसरा ९,६७६. दोन नाश्ते २,११६ रुपयांना पडले. अंधेरीत स्टेशनजवळच्या उडुप्याकडे इडली-डोसा आणि फिल्टर कॉफी याहून कितीतरी कमी पैशांत होते, आणि सकाळी लवकरही मिळते.

प्रवासाच्या ॲपवर सगळं धरून खरोखरच बरंच स्वस्त मिळत असेल तर? आधी साखळीची किंमत-हमी वापरून बघा. मॅरियटकडे थेट बुकिंग केल्यापासून २४ तासांच्या आत, तीच खोली, त्याच तारखा आणि त्याच अटींवर दुसरीकडे स्वस्त दिसल्याचं दाखवलं तर दर कमी करून मिळतो. तेही जमलं नाही आणि फरक हजाराच्या वर असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: ॲपवरून घ्या. एका रात्रीच्या पॉइंटची किंमत तेवढी नसते. मॅरियटच्या बहुतेक हॉटेलांत एका डॉलरला १० पॉइंट मिळतात, तेही कर सोडून. साडेसात हजारांच्या खोलीवर आठ-साडेआठशे पॉइंट येतील, आणि एका मोफत रात्रीला कित्येक हजार लागतात.

रद्द करता येणारा दर घ्यायचा की न परतणारा, हे कामावर ठरवा. व्हिसाची आणि रुग्णालयाची तारीख पुढे-मागे होऊ शकते, तिथे चार-पाचशे रुपये जास्त देऊन रद्द करता येणारा दरच घ्यावा. रद्द करण्याची मुदत तारीख आणि वेळेसकट लिहून ठेवा. लग्नाला किंवा परीक्षेला जात असाल, तर स्वस्त दर घ्यायला हरकत नाही.

४. आदल्या दिवशी फोन करा

ही पायरी लोक गाळतात, आणि तास मिळतात ते इथेच. खोली सहसा दुपारी दोन किंवा तीनला मिळते, सोडायची अकरा-बाराला. मॅरियटमध्ये दुपारी दोनपर्यंत उशिरा खोली सोडण्याची सवलत मिळते ती गोल्ड दर्जाला, म्हणजे वर्षाला २५ रात्रींनंतर. आणि चारपर्यंतची प्लॅटिनमला, म्हणजे ५० रात्रींनंतर. साध्या सदस्याचा तसा हक्क नसतो, पण विनंतीचा हक्क सगळ्यांना आहे. खोल्या मोकळ्या असतील तर थेट बुकिंग केलेल्या सदस्याला नाही म्हणायला हॉटेललाही जड जातं.

फोन हॉटेलच्या स्वागतकक्षात करा. नंबर साखळीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. सर्च करून वर दिसणारा पहिला "कस्टमर केअर" नंबर खोटा असू शकतो. बोलणं थोडक्यात आणि कारणासकट असावं: "नमस्कार, उद्या माझ्या नावाने एक खोली आहे, मी तुमचा सदस्य आहे. आम्ही रात्रीच्या गाडीने सकाळी आठला पोचतोय, बरोबर आई आहे, तिची साडेअकराला तपासणी आहे. खोली लवकर मिळाली तर मोठी मदत होईल. नाहीच जमलं तर सामान ठेवून हात-पाय धुवायची सोय होईल का?" खरं कारण सांगितलं की बुकिंगवर तशी नोंद होते. ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव विचारून ठेवा.

५. काउंटरवर

प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र बरोबर हवं. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. आधारची प्रत द्यायची असेल तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क केलेलं आधार काढा; त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

सदस्य क्रमांक बुकिंगला जोडलेला आहे ना, हे तोंडी विचारून घ्या. नसेल तर तिथल्या तिथे जोडून मिळतो. अनामत म्हणून काही रक्कम अडकवली जाते. क्रेडिट कार्डावर ती नुसती रोखून धरतात, डेबिट कार्डातून मात्र प्रत्यक्ष कापली जाते आणि परत यायला दिवस लागतात. महिनाअखेरीस ही गोष्ट घरखर्चाला जड जाते, म्हणून अनामत क्रेडिट कार्डावर द्या, किंवा किती आणि परत कधी ते आधीच ठरवून घ्या.

६. सामान हॉटेलवरच ठेवा

अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला जाताना मोबाइल आणि बॅग आत नेता येत नाहीत. बोटांचे ठसे आणि फोटो यांसाठी वेगळ्या केंद्रावर आधीची वेगळी वेळ असते, त्यामुळे बरेच जण दोन दिवस मुंबईत असतात. रस्त्यावर कुणाकडे फोन सोपवण्यापेक्षा खोली सोडून सामान, फोनसकट, हॉटेलच्या सामानकक्षात ठेवा आणि पावती घ्या. यासाठी बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत. परतीच्या मेट्रोपुरते सुटे पैसे आणि हॉटेलचा पत्ता लिहिलेला कागद खिशात असू द्या, कारण फोन जवळ नसेल.

७. बिल आणि पॉइंट

निघताना सविस्तर बिल मागा आणि कराचा टक्का तपासा. कार्यालयाकडून खर्च परत मिळणार असेल, तर कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक बिल निघायच्या आधी द्यावा लागतो. नंतर बदलून घेताना दमछाक होते.

पॉइंट साधारण आठवडा-दहा दिवसांत खात्यात दिसतात. अकॉरमध्ये हिशेब सोपा आहे: २,००० पॉइंट म्हणजे बिलात ४० युरोंची सूट. न्यूपासमध्ये पॉइंटऐवजी न्यूकॉइन मिळतात; एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया, आणि तो बिगबास्केटच्या किराण्यालाही चालतो. क्वचित प्रवास करणाऱ्या घराला मला हेच सगळ्यात कामाचं वाटतं. मॅरियटचे पॉइंट २४ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर जातात. पण तिथे एका सदस्याला दुसऱ्याला वर्षाला एक लाखापर्यंत पॉइंट फुकट देता येतात, म्हणून नवरा-बायको, भाऊ-बहिणींचे थोडे थोडे पॉइंट एका खात्यात आणता येतात.

पॉइंट आलेच नाहीत, तर खात्यात राहिलेल्या मुक्कामाची मागणी नोंदवायची सोय असते. तिथे तारखा, बिल क्रमांक आणि बिलाचा फोटो मागतात, म्हणून पॉइंट जमा होईपर्यंत ते बिल टाकू नका.