प्रॉम्समध्ये पाइप ऑर्गन वाजवायचा असेल तर: तयारीची यादी

प्रॉम्स हा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा महोत्सव. तयारीची सुरुवात तापमानापासून करा. या हॉलमधला ऑर्गन हेन्री विलिस यांनी १८७१ मध्ये उभारला. आज त्याला हवेने वाजणारे ९,९९९ पाइप आहेत आणि प्रॉम्स भरतात ऐन उन्हाळ्यात. हवा एक अंशाने तापली की ४४० हर्ट्झचा सूर साधारण ०.८ हर्ट्झने चढतो. पाच अंशांत तो ४४४ वर जातो. मात्र रीडचे पाइप, आपल्या पेटीच्या रीडसारखेच, जवळपास जागच्या जागी राहतात आणि ऑर्गन स्वतःशीच बेसूर होतो. म्हणून ट्यूनर रीड नसलेल्या हजारो साध्या पाइपांना हात लावत नाही, रीड त्यांच्याशी जुळवून घेतो. त्याला पूर्ण शांतता हवी: झाडलोट नाही, खुर्च्यांची हलवाहलव नाही. हॉल आणि मंचावरचे दिवे तेव्हा कार्यक्रमाच्या वेळेइतकेच तापलेले असावेत. थंड हॉलमध्ये लावलेला सूर संध्याकाळी टिकत नाही. पियानोच्या ट्यूनरला ऑर्गनची पट्टी आधीच कळवा. वाद्यवृंदाला सूर देणाऱ्या ओबोवादकानेही (ओबो हे फुंकवाद्य) सूर ऑर्गनकडूनच घ्यावा, कारण ऐनवेळी ऑर्गन वाद्यवृंदाकडे सरकू शकत नाही.

वादकाला सरावाची वेळ भरपूर मिळवून द्या. दिवसा हॉल अडकलेला असतो, त्यामुळे ती बहुधा रात्रीच मिळते. १४७ स्टॉपमधून (पाइपांचे संच चालू-बंद करणाऱ्या खिट्ट्यांमधून) निवडलेल्या जोड्या ऑर्गनच्या मेमरीत स्वतंत्र पातळीवर साठवाव्यात आणि कागदावरही उतरवून ठेवाव्यात. दुसऱ्या वादकाने त्याच पातळीवर लिहिले तर सगळे पुसले जाते. कन्सोलपाशी, म्हणजे वादक बसतो तिथे, आवाजाचा तोल कळत नाही, तेव्हा जाणकार माणूस प्रेक्षागृहात बसवून त्याचे ऐका.

कंडक्टर ऑर्गनवादकाच्या पाठीमागे असतो, म्हणून तो पडद्यावर बघावा लागतो. कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर उशिरा पोचत नाही ना, हे तालमीतच तपासा. अंतरामुळे ध्वनीलाही वेळ लागतो (३४ मीटरला एक दशांश सेकंद), त्यात चित्राची भर नको. पानांचा क्रम, पाने उलटणारा माणूस आणि पायपट्ट्या वाजवायला पातळ तळव्यांचे बूट हेही बघून ठेवा.

शेवटच्या सुरापर्यंत ट्यूनर इमारतीतच हवा. पाइपात हवा सोडणाऱ्या झडपेखाली धुळीचा कण अडकला तर बोट उचलूनही सूर वाजत राहतो. अशा वेळी एकेक स्टॉप बंद करून पाहावा. एकाच स्टॉपने आवाज थांबला तर तो वगळून पुढे जाता येते, आणि मध्यंतरात ट्यूनर आत शिरून ती झडप मोकळी करतो.