मार्केट डेप्थ वाचताना या चुका टाळा

ब्रोकरच्या अ‍ॅपवर एखादा शेअर उघडला की खरेदीचे पाच आणि विक्रीचे पाच भाव, प्रत्येक भावासमोर ऑर्डरींची व शेअरची संख्या आणि तळाशी दोन्ही बाजूंची बेरीज असा तक्ता दिसतो; यालाच मार्केट डेप्थ म्हणतात. नवख्याची नजर नेमकी त्या तळाच्या बेरजेवर जाते, आणि खरेदी आठ लाख व विक्री तीन लाख दिसली की भाव चढणारच असे तो गृहीत धरतो. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. भाव 412 रुपये असताना 380 रुपयांना मिळाला तर घेऊ म्हणून कोणी लावून ठेवलेली ऑर्डरही त्या आठ लाखांत मोजलेली असते. उलट, ज्याला आत्ताच शेअर हवा आहे तो मार्केट ऑर्डर, म्हणजे समोर मिळेल त्या भावाला लगेच घेण्याची ऑर्डर, टाकून मोकळा होतो. भाव हलवतो तोच, पण तक्त्यात तो दिसत नाही. तोटा आवरण्यासाठी लावलेल्या स्टॉप-लॉस ऑर्डरीही त्यांना जागे करणारा, आधी ठरवलेला ट्रिगरचा भाव येईपर्यंत तक्त्याबाहेर असतात.

दुसरी चूक मोठ्या आकड्याला भिंत समजण्याची. एखाद्या भावावर पन्नास हजार शेअरची खरेदी दिसते, म्हणून भाव त्याखाली जाणार नाही असे मानून आपण शेअर घेतो आणि क्षणात ती ऑर्डर रद्द झालेली असते. असा देखावा मुद्दाम उभा करण्याला स्पूफिंग म्हणतात. अशा व्यवहारांवरून शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने एप्रिल 2025 मध्ये एका ब्रोकर कंपनीविरुद्ध अंतरिम आदेशही काढला होता. याच्या उलटही घडते, कारण डिस्क्लोज्ड क्वांटिटीची सोय वापरणारा मोठा विक्रेता आपल्या ऑर्डरीचा थोडाच भाग उघड करतो.

आता घाईने टाकलेल्या मार्केट ऑर्डरीचा हिशेब पाहा. समजा, विक्रीच्या बाजूला 412.20 वर 100, 412.60 वर 150, 413.10 वर 200, 414 वर 250 आणि 415.50 वर 300 शेअर आहेत. तुम्ही हजार शेअरची मार्केट ऑर्डर टाकली, तर ती पाचही पायऱ्या चढते आणि सरासरी भाव 413.88 पडतो, म्हणजे वर दिसणाऱ्या भावापेक्षा 1,680 रुपये जास्त मोजावे लागतात. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये लिमिट ऑर्डरच, म्हणजे आपण ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच लागणारी ऑर्डर, लावावी.

लिमिट लावली, त्याच भावाला सौदे होतानाही दिसतात, मग आपली ऑर्डर का लागत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. आधी आपण कोणत्या बाजाराचा तक्ता पाहतो आहोत हे तपासावे, कारण एनएसई आणि बीएसई यांची ऑर्डर बुके वेगवेगळी असतात. बाजार तोच असेल, तर कारण बहुधा रांगेचे असते: एकाच भावाच्या ऑर्डरींत आधी आलेलीचा नंबर आधी लागतो, आणि भाव बदलला किंवा संख्या वाढवली की आपण पुन्हा रांगेच्या शेवटी जातो. त्यामुळे वाट पाहताना ऑर्डर सारखी चाळवत बसू नये.

अप्पर सर्किट लागलेल्या, म्हणजे दिवसाच्या वरच्या भावमर्यादेला पोचलेल्या, शेअरमध्ये विक्रीची बाजू कोरी दिसते, तेव्हा अ‍ॅप बिघडले असे वाटून काही जण पुन्हा पुन्हा लॉगिन करतात. अ‍ॅप ठीकच असते; त्या भावाला विकायला कोणी तयार नसते, आणि तिथे लावलेली खरेदीची ऑर्डर तुमच्या आधीच्या सगळ्यांचे भागल्यावरच लागू शकते.