एका खोलीतला मंगळ: कमी पैशांत सायन्स फिक्शन लिहायची आणि शूट करायची कशी

सायन्स फिक्शन करायची ठरली की नवा माणूस आधी यान काढतो. कागदावर काढतो, मग थ्रीडीत बनवतो, मग ते हलवून बघण्यात महिने घालवतो, आणि तोवर आत बसणाऱ्या माणसाला नाव कुणी दिलेलं नसतं. मी मुळातली साउंडवाली. दुसऱ्यांच्या सेटवर बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, धरता धरता लिहायला लागले, त्यामुळे माझा क्रम वेगळा आहे. यान माझ्याकडे शेवटी येतं, आणि बहुतेक वेळा त्याचा नुसता आवाज येतो.

स्क्रिप्टच्या आधी यादी करा. कोणती जागा मिळते, दिवसा की रात्री, किती वेळ? खिडकी कुठल्या दिशेला आहे? तिथला फ्रिज बंद करू देतील का? मित्रांपैकी कॅमेऱ्यासमोर गप्प बसणं कुणाला जमतं? (बोलणं बऱ्याच जणांना जमतं.) जुने मॉनिटर, बंद पडलेली यंत्रं, इमारतीचं तळघर, लांबलचक कॉरिडॉर, सगळं लिहून काढा. जेम्स वॉर्ड बर्किटने ‘कोहिरन्स’ (२०१३) स्वतःच्या घरात पाच रात्रींत शूट केली. जेवायला जमलेले मित्र, आकाशात धूमकेतू, वीज गेलेली आणि थोड्या अंतरावर दिवे चालू असलेलं एकच घर. हाताशी घर होतं, म्हणून त्याने घरात घडणारी गोष्ट रचली.

यादी झाली की एक नियम ठरवा, एकच. तुमच्या जगात आपल्या जगापेक्षा काय वेगळं आहे ते एका वाक्यात लिहा. लगेच खाली लिहा, की त्याचा भुर्दंड कुणाला पडतो. दुसरं वाक्य सुचत नसेल तर पहिलं कितीही भारी असू दे, ते बाजूला ठेवा.

माझा आवडता नियम मला शोधावा लागलेला नाही. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातलं अंतर सतत बदलतं, त्यामुळे रेडिओ संदेश एका बाजूने पोचायला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. चंद्रापर्यंत तोच संदेश सव्वा सेकंदात जातो. म्हणजे माणूस कुठे ठेवायचा हा लेखकाचा निर्णय आहे. चंद्रावर ठेवलात तर प्रश्न आणि उत्तर यांच्यात अडीच सेकंद पडतात, दोघं एकमेकांचं बोलणं तोडत राहतात, आणि भांडणसुद्धा विनोदी होतं. मंगळावर ठेवलात की संवाद संपला. उरतात एकमेकांना ओलांडून जाणारी पत्रं. यात एकही इफेक्ट लागत नाही. आता सीन बघा. दोघांतलं अंतर १८ मिनिटांचं आहे.

आत. खोली. पहाट.
मॉनिटरवर नचिकेतचा थांबलेला चेहरा. वृंदा कॅमेऱ्यासमोर बसते. केस ओले.
वृंदा: नची, आई गेली. तासाभरापूर्वी. त्रास झाला नाही.
ती ‘पाठवा’ दाबते. कोपऱ्यात आकडा येतो: १८:००. १७:५९.
मॉनिटरवर नवा संदेश उघडतो.
नचिकेत: ताई, ऐक ना, आईला बसव जरा समोर. तिला इथला सूर्यास्त दाखवायचाय. निळा असतो गं, खरंच निळा.

मंगळावरचा सूर्यास्त खरोखरच निळसर दिसतो, तिथल्या बारीक धुळीमुळे. ती माहिती इथे एका मुलाच्या उत्साहात खपून गेली. त्याचा संदेश वृंदाने ‘पाठवा’ दाबण्याच्या आधीच तिकडून निघालेला आहे. आता कॅमेरा वृंदाच्या चेहऱ्यावर ठेवायचा आणि नचिकेत बोलत राहू द्यायचा. त्याला कळायला सतरा मिनिटं आहेत, आणि तेवढा वेळ ती एकटीच हे ओझं वागवतेय. तिने एकही वाक्य बोलायची गरज नाही. खोली एक, नट दोन, आणि त्यातला एक आदल्या दिवशी शूट करून मोकळा.

अशी स्क्रिप्ट लिहिताना शेजारी एक तक्ता ठेवा: संदेश कधी निघाला, कधी पोचला, त्या क्षणी कुणाला काय माहीत होतं. काळात मागेपुढे जाणारी गोष्ट असेल तर प्रत्येक पात्राच्या प्रत्येक प्रतीची वेगळी ओळ आखा. शेन कॅरुथने ‘प्रायमर’ (२००४) ही काळप्रवासाची फिल्म सुमारे ७,००० डॉलरमध्ये केली आणि लोक अजून तिचे तक्ते काढत बसतात. तिच्यातली गुंतागुंत उचलू नका, ती त्यालाच झेपली. उचलायचा असेल तर काटेकोरपणा उचला. प्रेक्षक न समजलेलं सहन करतो, पण नियम तुमच्या सोयीने वाकलेला त्याला बरोबर दिसतो.

संवादांचा सगळ्यात मोठा रोग म्हणजे समजावून सांगणं. ‘तुला माहीतच आहे, की आपल्या केंद्रावर...’ असं सुरू होणारं वाक्य दिसलं की कापा. माहितीतल्या गोष्टीबद्दल माणसं बोलतात ती वैतागून. ‘चार महिन्यांपूर्वी बारा मिनिटं होती, आता अठरा! अजून चार महिन्यांनी काय, चिठ्ठी बाटलीत घालून पाठवू?’ एवढ्यात अंतर वाढतंय हे कळलं आणि बोलणारा कसा आहे तेही. तुमच्या जगासाठी बनवलेले नवे शब्द एका लघुपटात दोनच्या वर नकोत. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट हा हिशेब ढोबळ आहे, आणि न बोलणाऱ्या पानांना तो लागू होत नाही. घड्याळ लावून, विराम धरून, मोठ्याने वाचा.

शूटला निघताना बहुतेक जण वस्तू गोळा करतात. मी काढून टाकते. कॅलेंडर, पोस्टर, कंपन्यांची चिन्हं, ज्यावरून साल ओळखू येईल असे फोन. फ्रेंच दिग्दर्शक गोदारने ‘आल्फाव्हिल’ (१९६५) मध्ये भविष्यातलं शहर दाखवायला सेट बांधले नाहीत. त्या वेळचं पॅरिसच रात्रीच्या अंधारात, काचेच्या नव्या इमारतींमध्ये शूट केलं. यंत्र ठेवायचंच असेल तर ते वापरलेलं दिसू द्या: कडेला बोटांचे डाग, बटणावर चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने ‘हे दाबू नये’.

मॉनिटरवरचं चित्र नंतर चिकटवू नका. नचिकेतचं शूट आधी उरका, आणि वृंदाच्या सीनमध्ये ते खऱ्या मॉनिटरवर चालवा. मॉनिटरचा उजेड तिच्या गालावर पडतो, डोळ्यांत चौकोन दिसतो, आणि मुख्य म्हणजे तिला प्रतिसाद द्यायला समोर काहीतरी असतं. पहिल्या टेकआधी तिला तो व्हिडिओ दाखवू नका. चित्रावर पट्टे सरकताना दिसले तर शटर बदला: विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असेल तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, ६० हर्ट्झ असेल तिथे शटर १/६०. मॉनिटरचा स्वतःचा रिफ्रेश रेट वेगळा असतो, म्हणून आदल्या दिवशी टेस्ट घ्याच.

एकाच नटाचे दोन अवतार एका फ्रेममध्ये हवे असतील तर तीच फ्रेम दोनदा शूट करून जोडायची: ट्रायपॉड हलवायचा नाही, फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर, आणि दोन चित्रांचा जोड दाराच्या चौकटीवर घ्यायचा. सावली जोड ओलांडून गेली की खेळ खलास. ग्रीन स्क्रीनबद्दल (मागे हिरवा पडदा लावून नंतर तिथे दुसरं चित्र बसवणं) एवढंच: पडद्याला वेगळा लाइट, माणूस पडद्यापासून जमेल तितका पुढे. थ्रीडीचं सॉफ्टवेअर ब्लेंडर फुकट आहे, एडिटिंगच्या दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत कीइंग, म्हणजे हिरवा रंग काढून टाकणं, होतं. बाकी शिकवणारे ढिगाने आहेत.

आवाजाबद्दल मात्र थांबून बोलते, कारण यान इथे बनतं.

प्रत्येक जागेवर मिनिटभर रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज, घ्या. सगळ्यांनी स्तब्ध उभं राहायचं, चप्पलसुद्धा हलवायची नाही. मग यानाची घरघर. फ्रिज, एसीचं बाहेरचं युनिट, पाण्याचा पंप, लिफ्टची मोटर, जे सापडेल ते जवळून रेकॉर्ड करा, शक्यतो ९६ किलोहर्ट्झवर. नंतर वेग निम्मा करा. आवाज एक सप्तक खाली उतरतो, आणि रेकॉर्डिंग वरच्या दराचं असल्याने वरची बारीक सळसळ टिकते. तीन थर पुरतात: खाली सतत चालणारा जड आवाज, मध्ये यंत्राची लय, आणि वर अधूनमधून येणारं काहीतरी, झडप उघडल्यासारखं. ही घरघर सीनच्या सुरुवातीपासून चालू ठेवा. दोन मिनिटांत प्रेक्षकाचा कान ती विसरतो. मग हव्या त्या क्षणी ती तोडा. काहीतरी बंद पडलंय हे संवाद न वापरता सांगून झालं.

दुरून येणाऱ्या आवाजाला नुसता इक्यू (आवाजातले ठरावीक पट्टे कमीजास्त करणारा फिल्टर) लावला तर तो इक्यू लावल्यासारखाच वाटतो. ३०० ते ३,४०० हर्ट्झचा टेलिफोनचा पट्टा ठेवा, पण त्यानंतर तो आवाज एका छोट्या स्पीकरवर वाजवून स्टीलच्या डब्यात किंवा बाथरूममध्ये पुन्हा रेकॉर्ड करा. मूळ आणि हा, दोन्ही मिसळा. प्रमाण डोळे मिटून ठरवा.

चित्र अगदीच जमत नसेल तरी हातपाय गाळू नका. क्रिस मार्करची ‘ला जेते’ (१९६२) २८ मिनिटांची आहे आणि जवळजवळ सगळी स्थिर छायाचित्रांची. हलणारा शॉट तिच्यात एकच. बाकीचं काम निवेदन, आवाज आणि कट करतात.

रफ कट झाला की स्क्रिप्ट न वाचलेल्या दोघा-तिघांना वेगवेगळं बसवून दाखवा. ‘कशी वाटली’ विचारू नका, ओळखीचे लोक छानच म्हणतात. विचारा, ‘यातला नियम काय होता?’ प्रत्येकाने वेगळं सांगितलं तर रीशूटकडे धावायच्या आधी पात्र पाठमोरं आहे असा शॉट शोधा. ओठ दिसत नाहीत, तिथे एक वाक्य डब करून बसवता येतं. वाक्य बारा शब्दांच्या आत ठेवा, त्याच खोलीत, त्याच माइकवर घ्या, आणि खाली तिथलाच रूम टोन अंथरा.