सायकलवरच्या भटकंतीसाठी हलकी रजई कशी निवडावी: आधी रुंदी, मग बाकीचं

सायकलवर बिऱ्हाड बांधून निघणाऱ्या नवख्याला रजईबद्दल एक सल्ला हमखास मिळतो: "सगळ्यात हलकी घे आणि सगळ्यात कमी तापमानाची घे." अशी रजई मिळतेही, फक्त ती अरुंद असते. वजनाचा आकडा खाली आणायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कापड कमी करणं. मग पहाटे तीनला कमरेमागून गार हवा आत शिरते, झोपेचं खोबरं होतं आणि सकाळी माणूस जाहीर करतो की क्विल्ट, म्हणजे ही रजई, हा प्रकारच फालतू आहे.

प्रकार फालतू नाही. क्विल्ट म्हणजे पाठीकडचा भाग आणि टोपी काढून टाकलेली स्लीपिंग बॅग. ऊब देते ती भरणात अडकलेली हवा. अंगाखाली दबलेल्या भरणात हवाच उरत नाही, म्हणून तो भाग कापून टाकायचा आणि खालच्या थंडीचं काम मॅटवर सोपवायचं. गिर्यारोहणातली 'फ्रेंड्स' ही उपकरणं बनवणारे अमेरिकेचे रे जार्डीन १९९० च्या दशकात लांब पल्ल्याच्या चालणाऱ्यांना हेच सांगत होते, आणि स्वतः रजया शिवून वापरत होते. आपल्याकडे दुकानात शून्य अंशाची म्हणून मिळणारी सिंथेटिक बॅग बहुधा किलो-सव्वा किलोच्या वरच असते. चांगली डाऊन (बदक-हंसाच्या मऊ पिसांचं भरण असलेली) रजई तेच काम ६०० ग्रॅमच्या आसपास करते. सायकलच्या हँडलवर हा फरक चढ चढताना नाही, पण उतारावर वळण घेताना नक्की कळतो.

१. कुठे झोपणार ते आधी ठरवा

कोकण किनाऱ्यावर डिसेंबरातही रात्री साधारण १८-२० अंश असतात. तिथे रजई नेऊ नका, पातळ लायनर (आत शिरून झोपायची कापडी पिशवी) पुरे. घाटमाथ्यावर आणि देशावर डिसेंबर-जानेवारीत ८ ते १२ अंश धरून चाला, आणि पाण्याजवळ किंवा खोलगट जागी त्याहून कमी. गार हवा जड असते, ती रात्री खाली उतरून साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, तेव्हा वर बाजारात तितका गारठा नसतो. धरणाच्या काठी फोटो छान येतात, मुक्काम मात्र थोडा वर चढून, झाडाखाली करा. उघड्या आकाशाखाली दवही जास्त पडतं आणि अंगही लवकर गार होतं.

लडाख-स्पितीचं गणित वेगळं. अंदाज ज्या गावाचा बघाल, त्यापेक्षा मुक्काम दर हजार मीटर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी थंड धरा. मनाली-लेह रस्त्यावर सरचूसारख्या ४,२०० मीटरपेक्षा उंच जागी ऐन ऑगस्ट-सप्टेंबरातही रात्री पारा शून्याला टेकतो.

सह्याद्री आणि लडाख एकाच रजईत बसवायच्या भानगडीत पडू नका. एक तर तिकडे कुडकुडाल, नाही तर इकडे रात्रभर पाय बाहेर काढून झोपाल.

२. मॅट आधी, रजई नंतर

रजईला पाठ नाही, म्हणजे निम्मी रजई तुमची मॅटच आहे. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती अंगाची ऊब खाली जाण्यापासून किती अडवते याचा आकडा, छापलेली असते, आणि २०१८ साली आलेल्या एएसटीएम एफ३३४० या मानकामुळे हे आकडे आता एकमेकांशी ताडून बघता येतात. घडीच्या फोम मॅटची आर-व्हॅल्यू २ च्या आसपास असते, सह्याद्रीला तेवढी चालते. शून्याच्या आसपास झोपायचं तर ४ च्या खाली जाऊ नका. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आर-व्हॅल्यूची सरळ बेरीज होते. योगासनांच्या मॅटवर उणे दहाची रजई घेऊन झोपणारे बघितले आहेत. पाठ गार पडते आणि शिव्या रजईला बसतात.

३. डाऊन की सिंथेटिक

लडाखला डाऊन. सह्याद्रीत बिव्हीत (तंबूऐवजी रजईवरून चढवायच्या पातळ, पाणी अडवणाऱ्या पिशवीत) झोपणार असाल तर सिंथेटिक, आणि यावर मी वाद घालत नाही.

कारण बिव्ही. तंबूत श्वासाची वाफ वरच्या कापडाला जाऊन बसते, बिव्हीत तीच वाफ तुमच्या रजईच्या अंगावर बसते. त्यात आपल्याकडे थंडीतलं दव असं पडतं की सकाळी सायकलच्या खोगिरावरून पाणी ओघळतं. ओलं झालेलं डाऊन गोळा होतं आणि ऊब संपते. पाणी झटकणारं म्हणून विकलं जाणारं प्रक्रिया केलेलं डाऊन हा प्रसंग थोडा पुढे ढकलतं, टाळत नाही. सिंथेटिकमध्ये 'क्लायमाशील्ड एपेक्स' हे सलग थराचं भरण बघा. चौरस मीटरला १०० ग्रॅमचा थर दहा अंशांच्या आसपास पुरतो, १३३ चा पाच-सहा अंशांपर्यंत. वजन थोडं जास्त आणि घडी थोडी मोठी होते, ते मान्य करा. पुढे कधी लडाखला गेलात तर हीच सिंथेटिक रजई डाऊन रजईच्या वर घाला. अंगातून निघालेली वाफ वरच्या थरात गार होऊन बसते आणि आतलं डाऊन कोरडं राहतं.

४. तापमानाचा आकडा

स्लीपिंग बॅगसाठी आयएसओ २३५३७ ही चाचणी आहे, त्यात 'कम्फर्ट' (आरामात झोप लागेल असं तापमान) आणि 'लिमिट' (अंग आखडून कशीबशी झोप निभावेल असं) असे वेगळे आकडे येतात. रजया सहसा या चाचणीतून जातच नाहीत. छापलेला आकडा बनवणाऱ्याचा अंदाज असतो, तो लिमिट समजा आणि पाच-सहा अंश हातचे ठेवा. दोन अंशांत झोपायचं असेल तर उणे चारची घ्या.

डाऊन घेताना विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: भरणाचं वजन किती आणि फिल पॉवर (तेवढ्याच वजनाचं डाऊन किती फुगतं याचा आकडा) किती. ३०० ग्रॅम ८५० चं डाऊन जेवढं फुगतं, तेवढं फुगायला ६५० चं जवळजवळ ३९० ग्रॅम लागतं. एकूण वजन सांगतो पण भरणाचं सांगत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

५. रुंदी: इथेच घोडं पेंड खातं

मलाही सगळ्यात जास्त त्रास याच पायरीने दिला. आधीच्या चार पायऱ्या वाचून जमतात. ही अंग टेकल्याशिवाय कळत नाही, आणि ऑनलाइन खरेदीत अंग टेकता येत नाही.

रजया साधारण १२७ सेंटिमीटर (५० इंच) आणि १४० सेंटिमीटर (५५ इंच) अशा रुंदीत मिळतात. आकडा वाचून काही बोध होत नाही, म्हणून घरातली डबल बेडची चादर काढा. १२७ सेंटिमीटरला घडी घालून पिना लावा. मॅट फुगवा, रात्री जे जॅकेट घालून झोपणार ते घाला, चादर अंगावर घ्या आणि कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्या. पाठीवर सरळ झोपून चाचणी देऊ नका, तसं रात्रभर कुणी झोपत नाही. आता घरातल्या कुणाला तरी मागून बघायला सांगा: कमरेमागे चादर मॅटवर टेकलेली आहे की वर उचलली गेली आहे? दोन्ही बाजूंना किमान चार बोटं कापड मॅटवर लोळत असलं पाहिजे. मग कूस बदला आणि पुन्हा बघा.

जे माप निघेल त्यात आणखी आठ-दहा सेंटिमीटर घाला. चादर चपटी असते, रजई फुगीर. अंगावरून वळसा घेताना फुगीर रजईची आतली बाजू आखडते आणि छापील रुंदीतला तेवढा भाग हाताला लागतच नाही. काही ठिकाणी तर भरण घालण्याआधीचं कापडाचं माप छापलेलं असतं, तेही विचारून घ्या.

दुसरी फसवणूक निमुळतेपणाची. छापलेली रुंदी खांद्यापाशी असते, तिथून खाली रजई अरुंद होत जाते. पण कुशीवर झोपणाऱ्याचा सगळ्यात रुंद भाग खांदा नसतो. एका बाजूला दुमडलेले गुडघे आणि दुसऱ्या बाजूला बाहेर आलेला पार्श्वभाग, हा पसारा कमरेखाली असतो, आणि रजई नेमकी तिथे कमी पडते. म्हणून नितंबांपाशी रुंदी किती हे विचारा. सांगता येत नसेल तर निमुळती रजई सोडून द्या.

१२७ वरून १४० वर गेलात तर कापड आणि भरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतं. ६०० ग्रॅमच्या रजईत ते जास्तीत जास्त ५०-६० ग्रॅम, म्हणजे कटिंग चहाएवढं. तेवढ्यासाठी हटून बसणारे भाऊ पाठीवर अर्धा किलोची पॉवर बँक आणि केबलींचं भेंडोळं घेऊन हिंडत असतात. पाठीवर निजणारे आणि अंगाने बारीक असाल तर १२७ खुशाल घ्या. कुशीवर झोपणाऱ्याने १४० च्या खाली विचार करू नये.

आता पट्ट्या. रजईसोबत मॅटभोवती गुंडाळायचे दोन इलॅस्टिक पट्टे येतात. एक कोपरांच्या रेषेत, दुसरा नितंबांपाशी. रजईच्या कडा त्यांत अडकवल्या की वळताना कापड वर उचललं जात नाही. पण करकचून ओढू नका. ओढलेली रजई खांद्यावर आणि गुडघ्यावर दबते, भरण चपटं होतं आणि वारा बंद होऊनही गारठा लागतो. कडा मॅटच्या काठाशी नुसत्या टेकतील इतपतच ताण ठेवा. पट्टे न देणारी रजई घेतलीत तर शिलाई मशिनवाल्याकडून अर्धा इंची इलॅस्टिक लावून घेता येतं, पण रजईच्या कडेला आधीपासून नाड्या किंवा हूक असले पाहिजेत. पातळ नायलॉनवर मागाहून टाके घालू देऊ नका.

आणि आता बिव्ही, जिच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. बिव्हीत वारा मुळात शिरतच नाही, तेव्हा अरुंद रजई चालेल असं वाटतं. थोडीफार चालतेही. पण मॅट बिव्हीच्या आत घालत असाल तर सहा-सात सेंटिमीटर जाडीची हवेची मॅट फुगून आतली बरीच जागा खाते. उरलेल्या पोकळीत तुम्ही आणि रजई. बिव्ही घट्ट असेल तर ती रजईला वरून दाबते, आणि दबलेल्या भरणाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. आत शिरा, चेन लावा, कुशीवर व्हा आणि छातीपाशी रजई व बिव्ही यांच्यात तळहात सरकवून बघा. हात अडकला तर महागडी जाड रजई घेऊन उपयोग नाही, बिव्ही बदला किंवा मॅट बाहेर काढा. मॅट बाहेर काढलीत तर पट्टे निरुपयोगी ठरतात. रजई मग अंगाखाली थोडी खोचायची, म्हणजे पुन्हा रुंदी लागणारच. पायाकडचा भागही तपासा. पंजे सरळ उभे ठेवून झोपलात की बिव्हीचं टोक रजईवर टेकतं, आणि सकाळी तेवढाच भाग ओला सापडतो.

६. पाय आणि मान

सह्याद्रीसाठी चेन आणि नाडी असलेला, पूर्ण उघडणारा फूटबॉक्स (पाय घालायचा खालचा कप्पा) घ्या, लडाखसाठी शिवून बंद केलेला. मानेपाशी बटण आणि नाडी हवीच. लांबी तुमच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त, म्हणजे गळ्याशी ओढून घेता येते. डोक्यासाठी टोपी नाही म्हणून कुरकुर करू नका, आजोबांची माकडटोपी काढा. तोंड रजईत खुपसून झोपू नका, रात्रभराची वाफ भरणात जाते.

७. सायकलवर बांधणी

आधी ड्राय बॅगेत, मग हँडलच्या गुंडाळीत, आणि ब्रेक-गिअरच्या केबलींना दाबणार नाही इतपत सैल. टायरपासून चार बोटं अंतर ठेवा.

८. पार्सल आल्यावर

टॅग कापू नका. परत करायची मुदत असेपर्यंत दोन रात्री गॅलरीत किंवा गच्चीवर झोपा, मॅट-पट्टे-बिव्ही सगळ्या सरंजामासकट. पंख्याखाली हॉलमध्ये झोपून काही कळत नाही. परदेशातून मागवत असाल तर परत पाठवण्याचा खर्च आणि कस्टम ड्यूटी आधी बघा, कारण तिथे ही सोय बहुतेक वेळा कागदावरच राहते.

ठेवली तर ती छोट्या पिशवीत कोंबून कपाटात टाकू नका. उशीचे दोन अभ्रे जोडून मोठी पिशवी शिवा, तिच्यात सैल ठेवा आणि पावसाळ्यात ऊन पडेल तेव्हा बाहेर काढा. डाऊन धुवायची वेळ आली तर ओली रजई एका टोकाला धरून उचलू नका, भरणाचे कप्पे पाडणारे आतले पडदे फाटतात. दोन्ही हातांनी खालून आधार देऊन चादरीवर पसरा आणि वाळेपर्यंत दर तासाला बोटांनी गोळे फोडत राहा. याला दोन दिवस जातात.