लिली की डे-लिली? फुलं येण्याआधीच ओळखा

नावात लिली, फुलंही सारखीच, त्यामुळे रोप आणताना गफलत होते आणि मग लागवडही चुकते. फुलाची वाट बघू नका, पानं बघा.

१. जमिनीतून एकच सरळ दांडा आलाय आणि त्यालाच वरपर्यंत पानं फुटलीत? ती खरी लिली. डे-लिलीची पानं गवताच्या पात्यांसारखी लांब असतात, बुडातूनच झुबक्याने निघतात आणि दोन्ही बाजूंना पंख्यासारखी पसरतात. फुलाचा दांडा वेगळाच, जवळजवळ बिनपानाचा.

२. माती थोडी उकरा. लिलीचा कांदा खवल्याखवल्यांचा असतो, लसणाच्या पाकळ्या एकमेकींना चिकटवल्यासारखा. डे-लिलीला कांदा नसतोच, नुसत्या जाड गुबगुबीत मुळ्या.

३. लिलीचा कांदा त्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट खोल लावा. डे-लिलीचं बूड मात्र मातीखाली जेमतेम २-३ सेंमी. खोल गेलं की फुलं रोडावतात.

डे-लिलीचं एक फूल एकच दिवस टिकतं, पण दांड्यावर कळ्या बऱ्याच असतात, रोज नवी उमलते. फुलदाणीसाठी मात्र लिलीच घ्या, तिचं फूल कित्येक दिवस राहतं. कमी देखभाल हवी असेल तर मी डोळे झाकून डे-लिली सुचवेन. तीन-चार वर्षांनी वाढलेला झुबका मुळ्यांसकट फोडून वेगळा लावला की रोपंही वाढतात.

घरात मांजर असेल तर दोन्ही नकोत. पान चावलं, अंगावरचे परागकण चाटले, तरी तिची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.