सोलापुरात सौर बंब बसवायचाय? आधी पाण्याची टाकी बघा

सोलापुरात उन्हाची चिंता कुणाला नाही. मे महिन्यात दुपारी नळ सोडला तर हात भाजतो. तरीही डिसेंबर उजाडला की घरोघरी गीझरचा लाल दिवा तास-तासभर पेटलेला असतो, आणि संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आलेलं वीजबिल बघून माणूस ठरवतो, ‘आता सोलर बसवायचाच.’

जरूर बसवा. पण आपल्या शहरात सौर बंब टिकतो की मोडतो, हे पाण्यावर ठरतं. पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत बोअरचं जड पाणी टाकीत चढतं, आणि घर बंद असेल तर टाकी कोरडीही पडते. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी पहिल्याच उन्हाळ्यात सौर बंबाच्या तीन काचेच्या नळ्या तडकल्या, त्या याच कारणाने. म्हणून इथे खरेदीच्या आधीची कामं जास्त सांगतोय.

आठ दिवस मोजमाप करा

गीझर किती वॅटचा आहे ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, बहुतेकदा २००० वॅट. असा गीझर अर्धा तास तापत राहिला की एक युनिट. दिवा लागल्यापासून विझेपर्यंतची मिनिटं आठ दिवस कॅलेंडरवर मांडा. त्याशेजारी घरात रोज किती बादल्या गरम पाणी लागतं तेही लिहा.

आता हिशोब. हिवाळ्यात टाकीतलं पाणी साधारण २० अंश असतं आणि अंघोळीला ४० अंश पुरतं. २० लिटरची एक बादली तेवढी तापवायला जवळपास अर्धा युनिट लागतो. चार माणसांच्या चार बादल्यांचे दोन युनिट, म्हणजे महिन्याचे साठ. तुमच्या कॅलेंडरवर याच्या दुप्पट आकडा निघाला, तर जास्तीची वीज गीझर उगाच चालू ठेवण्यात जाते आहे. पाणी तापवण्यापुरतं पाहिलं तर जुना गीझर, नवा पाच-स्टार गीझर आणि बादलीत सोडायचा रॉड यांत फारसा फरक नसतो, कॉइलमधली जवळजवळ सगळी वीज पाण्यातच उतरते. तापलेलं पाणी किती वेळ गरम राहतं, तो फरक स्टार सांगतात. म्हणजे अंघोळीआधी वीस मिनिटं लावून लगेच बंद करणाऱ्या घराला स्टारचा फायदा थोडाच. पहाटे लावून नऊपर्यंत तसाच ठेवणाऱ्यांना मात्र तो मोठा. (रॉडची शिफारस मी करत नाही. चालू रॉडच्या बादलीत हात घातल्याने माणसं दगावतात.)

महावितरणची घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महागते: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, त्यापुढे आणखी वरचा. वाचवलेले युनिट आधी तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतात. तेव्हा बचतीचा हिशोब सरासरी दराने न करता बिलातल्या शेवटच्या टप्प्याच्या दराने करा. यंत्राचे पैसे किती वर्षांत फिटतील ते तेव्हाच खरं कळतं.

याच मोजमापावरून आकार ठरवा. सौर टाकीतलं ६० अंशांचं पाणी निम्म्याला निम्मं गार पाणी घालून वापरतात. चार बादल्यांना म्हणजे ८० लिटरला खरं कढत पाणी ४० लिटरच पुरतं. बादलीने अंघोळ करणाऱ्या चार-पाच जणांच्या घराला १०० लिटरचा संच भांड्यांसकट पुरून उरतो. विकणारा २०० चा गळ्यात मारायला बघतो, तेव्हा हे कॅलेंडर पुढे करा. शॉवरची सवय असेल तर गोष्ट वेगळी. शॉवरखाली दहा मिनिटं म्हणजे चार-पाच बादल्या.

छत आणि टाकी

जुन्या पेठांत अजून माळवदाची घरं आहेत. माळवदावर सौर बंब ठेवू नका. पाणी, टाकी, स्टँड धरून १०० लिटरचा संच दीडशे किलोच्या आसपास जातो, आणि पाईपच्या सांध्यातून झिरपलेलं पाणी माळवदाची माती आतून सैल करतं. पत्र्याच्या घरालाही हेच. शेजारची भिंत भक्कम असेल तर लोखंडी चौकट उभारता येते, पण ती मिस्त्रीला दाखवून. स्लॅबच्या घरात स्टँडचे पाय तुळईवर किंवा भिंतीच्या रेषेवर येऊ द्या.

सावली डिसेंबरमधली बघा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, सगळी गच्ची मोकळी दिसते. डिसेंबरअखेर तो दक्षिणेकडे इतका कललेला असतो की दहा फुटी भिंतीची सावली भर दुपारी बारालाच जवळपास नऊ फूट उत्तरेकडे पडते. गरम पाणी लागतं ते त्याच दिवसांत. दक्षिणेला जिन्याची खोली किंवा शेजाऱ्याची उंच भिंत असेल तर जागा बदला. संचाचं तोंड दक्षिणेला, आणि उतार तीस अंशांच्या आसपास.

आता टाकी. इथे सावकाश वाचा.

साधा सौर बंब पंपाशिवाय चालतो. तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं, गार पाणी खाली नळ्यांत उतरतं. टाकीत नवं पाणी येतं तेही वरच्या गार पाण्याच्या टाकीच्या उंचीमुळे. म्हणून गार टाकीचा तळ सौर टाकीच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी उंच हवा. बऱ्याच घरांत टाकी गच्चीवर नुसती टेकवलेली असते. तिला आधी लोखंडी किंवा विटांचा चौथरा करून घ्या आणि हा खर्च पहिल्याच दिवशी धरा.

आमच्या नळ्या कशा फुटल्या ते सांगतो. सौर बंबाला पाणी देणारा पाईप आणि घरातल्या नळांचा पाईप एकच होता, मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, नव्हता. पाण्याचा दिवस लांबला, टाकी रिकामी झाली, आणि घरातले नळ उलट्या दिशेने सौर टाकीतलंच पाणी ओढू लागले. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यात आम्ही लग्नासाठी आठवडाभर गावाला गेलो. उन्हात नळ्यांतलं उरलेलं पाणी उकळून उडत गेलं, काच कोरडी भाजत राहिली. परत आलो त्या दुपारी नळाला पाणी आलं होतं. आनंदाने मोटर लावली आणि पाच मिनिटांत गच्चीवरून तडतड आवाज आला.

त्यावरचा इलाज स्वस्त आहे. सौर बंबाचा पाईप टाकीतून स्वतंत्र काढा आणि त्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. घरातल्या नळांचं भोक टाकीच्या तळापासून आठ-दहा इंच वर ठेवा, सौर बंबाचं दोनच इंच वर. टाकी उतरू लागली की आधी घरातले नळ कोरडे पडतात, घरच्यांना कळतं, आणि सौर बंबासाठी ५०० लिटरच्या टाकीत शंभरेक लिटर मागे राहतात. अगदी तळाशी मात्र भोक पाडू नका, गाळ आत जाईल.

नळ्यांचा की पॅनेलचा?

दोन प्रकार मिळतात. एकात दुहेरी काचेच्या नळ्या असतात, दोन काचांमधली हवा काढून टाकलेली. दुसऱ्यात काचेखाली तांब्याच्या बारीक नळ्या जोडलेला काळा सपाट पत्रा असतो. सपाट पॅनेल मजबूत, दगड लागला तर वरची काच बदलता येते. पण बोअरचं पाणी त्याच्या तांब्याच्या नळ्यांत क्षार धरतं आणि काही वर्षांत वाट बंद होते.

तुमचं पाणी कसं आहे ते स्वयंपाकघरात कळतं. पाणी उकळायच्या पातेल्याला पांढरा थर बसतो का, साबणाला फेस येतो का? थर बसत असेल आणि वर्षातले काही महिने बोअरवर काढावे लागत असतील, तर काचेच्या नळ्यांचा संच घ्या. नळीचं तोंड रुंद असतं, साफ करता येतं, आणि फुटली तर एकच नळी बदलता येते. सपाट पॅनेलच हवं असेल तर हीट एक्स्चेंजरचं मागा, म्हणजे तांब्यात फिरणारं पाणी वेगळं आणि तुम्ही वापरता ते वेगळं. उजनीचं पालिकेचं पाणी बाराही महिने पुरत असेल तर दोन्ही चालतील.

घरात प्रेशर पंप असेल तर विकत घेण्याआधीच सांगा. साध्या सौर टाकीला पंपाचा दाब सोसत नाही, टाकी फुगते.

बसवायच्या दिवशी गच्चीवर थांबा

माणसं चार तासांत काम उरकून जातात आणि चुका भिंतीत गाडल्या जातात. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाईप हवा, साधा पीव्हीसी मऊ पडतो. सौर टाकीतली हवा बाहेर सोडणारी उभी नळी गार टाकीच्या भरलेल्या पातळीच्या वर गेली पाहिजे, नाहीतर तिच्यातून पाणी वाहत राहील. गच्चीवरच्या पाईपला फोमचं वेष्टण घाला, आणि त्यावर ऊन सोसणारी टेप गुंडाळा, कारण आपल्याकडच्या उन्हात उघडा फोम लवकर भुगा होतो.

न्हाणीघरापर्यंतचा पाईप शक्य तितका आखूड आणि अर्धा इंची ठेवा. पाऊण इंची पाईपात मीटरमागे साधारण पाव ते तृतीयांश लिटर पाणी मावतं. पंधरा मीटरच्या पाईपात गरम पाणी येण्याआधी चार-पाच लिटर गार पाणी येतं. ते मोरीत सोडणं आपल्या शहरात पटत नाही. बादली आधी गरम नळाखाली लावा. सुरुवातीचं गार पाणी विसणाला कामी येतं.

पहिलं पाणी सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर भरा. तापलेल्या काचेत दुपारी गार पाणी कधीच सोडू नका. नळ्या रिकाम्या असतील तोवर त्यांवर चादर टाका. जुनी सोलापुरी चादर याला उत्तम, जाड आणि वाऱ्याने न उडणारी.

गच्ची नसेल तर

अपार्टमेंटमध्ये गच्ची सगळ्यांची असते, आणि चौथ्या मजल्यावरून पहिल्यापर्यंत पाईप आणला तर गार पाण्याचा वर सांगितलेला घोळ वाढतो. तिथे हीट पंपचा विचार करा. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. साध्या गीझरला तीन युनिट लागतात तिथे याला साधारण एक पुरतो, आणि आपली हवा उबदार असल्याने तो इथे चांगला चालतो. किंमत जास्त आहे, थोडा आवाज येतो, आणि त्याला मोकळी हवा लागते. बंद न्हाणीघरात कोंडायचा नाही, बाल्कनीत किंवा डक्टच्या उघड्या बाजूला ठेवायचा. माणसं जास्त, बिल मोठं, असं घर असेल तरच पैसे लवकर फिटतात. दोघांच्या घराला छोटा, चांगल्या स्टारचा गीझर आणि घड्याळाची शिस्त पुरते.

गॅस गीझर स्वस्त पडतो. पण तो न्हाणीघरात बसवू नका. दार-खिडकी बंद असताना त्यातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि अंघोळीला गेलेलं माणूस बेशुद्ध पडतं. घ्यायचाच तर बाहेर मोकळ्या भिंतीवर, आत फक्त पाण्याचा पाईप.

छतावर वीज बनवणारे सौर पॅनेल लावायचे असतील तर पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. ते अनुदान विजेच्या पॅनेलला आहे, सौर बंबाला नाही. दोन्हींत गल्लत करणारा विक्रेता भेटला तर दुसरा शोधा.

वर्षभर

मार्च ते जून गीझरचं बटण बंदच ठेवा, गच्चीवरची टाकीच पाणी तापवते. पावसाळ्यात सलग ढगाळ दिवस आले म्हणून सौर टाकीतली विजेची कॉइल लावू नका. एका बादलीसाठी शंभर लिटर तापवत बसावं लागतं. त्या दिवसांत पाणी तसं फार गारही नसतं. एखादी बादली गॅसवर तापवा. जुना जळणाचा बंब अजून माळ्यावर असेल तर तो उतरवून अंगणात चार तुराट्या टाका, धूर घरात कोंडणार नाही असं बघून.

गावाला जाताना गार टाकी भरून ठेवा आणि नळ्यांवर चादर टाका.

दिवाळीआधीच्या आठवड्यात, एखाद्या पहाटे, सौर टाकीचा खालचा नळ सोडून गाळ काढा. नळ्यांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. गीझर ठेवला असेल तर आतला मॅग्नेशियमचा रॉड त्याच दिवशी बघून घ्या. जड पाण्यात तो लवकर झिजतो, आणि तो संपला की टाकी गंजायला लागते. मग नरक चतुर्दशीला पहाटे घरातली सगळी माणसं तासाभरात न्हाऊन निघाली आणि शेवटच्यालाही कढत पाणी मिळालं, तर १०० लिटरचा हिशोब बरोबर होता.